सावली धरून चालणारे सासरे

उन्हाशी आणि धुराशी इतकं उघड वैर धरणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात माझ्या सासऱ्यांशिवाय दुसरा नसेल. मुकुंदवाडीतल्या घरापासून भाजीबाजार दहा मिनिटांवर, पण ते जातात अर्ध्या तासाच्या वाटेनं, कारण तिकडं कडुनिंब आहेत. कुठल्या भिंतीची सावली किती वाजता कुठवर येते, हे त्यांना तोंडपाठ. तीस वर्षं बस चालवली, इंजिनाची धग पायाशी आणि धूर छातीत. आता दारासमोर कुणी गाडी चालू ठेवून फोनवर बोलत राहिला, की ते शेजारी जाऊन खोकत उभे राहतात. खोकला खरा असतो, फक्त जरा वाढवलेला. एकदा मीच तसा उभा होतो. म्हणाले, "बोला निवांत जावईबापू. गाडी तेवढी माझ्या नाकात चालू हाय."

गेल्या मे महिन्यात आम्ही आमरसाच्या जेवणाला बसलो असताना वरच्या पत्र्याच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. तिथं कपडे शिवणाऱ्या एक बाई भाड्यानं राहतात. झोपल्या असतील, म्हणून मी वाटी पुढं ओढली. सासरे मात्र ताटावरून उठले. वर बाई काहीबाही बरळत होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. आम्ही त्यांना उचलून खाली आणलं, सासूबाईंनी ओली चादर गुंडाळली आणि रिक्षात दवाखान्यापर्यंत सासरे वर्तमानपत्रानं वारा घालत राहिले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर सासरे मात्र म्हणाले, "पत्रा माझाच हाय ना. म्या तिला भट्टीत ठिवलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे जावयाचा मान म्हणून माझ्या हाती चुन्याची बादली आली. पत्रा पांढराशुभ्र झाला, आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत लागलं, आणि बाई परतल्या तेव्हा खोलीत भरदुपारीही बसवत होतं. मग सासऱ्यांना चेव आला. आठवडाभरात गल्लीतली सहा छपरं आम्ही रंगवली. मी नखशिखांत पांढरा, आणि लोक चहा पाजून हसत होते. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

यंदा मात्र शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच त्यांना दम लागला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही खाली बसा." ते वाद न घालता बसले, आणि तेच मला लागलं. वर मी चुना पातळ मारत होतो. त्यांना खालूनही दिसलं असणार. गेल्या वर्षी त्यांनी तेवढा पत्रा पुन्हा रंगवायला लावला असता, यंदा नुसती शिडी धरून बसले.