कपड्यांसकट आंघोळ

प्रभूवर विश्वास ठेवून मला बरीच वर्षं झाली होती, पण बाप्तिस्म्याचं नाव मी काढत नव्हतो. मला कोणी काही कर म्हटलं की आधी तोंडातून 'कशाला?' निघतं. खोडच आहे. देवपूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब दर रविवारी विचारायचे आणि मी दर रविवारी वाद घालायचो. मन स्वच्छ असलं की झालं, पाण्याची काय गरज?

एकदा ते वैतागले. म्हणाले, "लग्नात मुंडावळ्या बांधताना विचारलं होतंत का, कशाला म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"सासरे म्हणाले, गुपचूप बांधा."

"मीही तेच म्हणतोय. पाण्यात काही जादू नाही. प्रभूने सांगितलंय, आपण ऐकायचं, एवढंच."

शेवटी ठरलं. साक्रीकडे मंडळीतल्या एका शेतकऱ्याचं शेततळं होतं, तिथे.

आता प्रश्न आईचा. आई हिंदू, सगळा जन्म कापसाच्या शेतात गेलेला, आणि मी तिचा एकुलता एक. माझ्या प्रार्थनेला तिने कधी ना म्हटलं नव्हतं. मी सांगितलं, मला अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात बुडवून काढणार. आमच्याकडे कपड्यांसकट आंघोळ माणूस मसणातून आला की करतो, आणि ती होईपर्यंत घरात कोणी घासघोट घेत नाही. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"कोन मरनं?"

बाप्तिस्म्याच्या वर्गात नुकतंच शिकलो होतो. ऐटीत म्हणालो, "मीच. जुना मी मरणार, नवा उठणार."

आईला असं सांगतं का कोणी? ती ढसाढसा रडायला लागली. "तू मरी गया तं माले आग कोन देई?"

गावात कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं, की एकदा पाण्यात बुडाला की पोरगा आईच्या चितेला हात लावत नाही. समजावायला गेलो तर नेहमीसारखं भांडणच झालं आणि तिने बोलणं टाकलं.

तरी बाप्तिस्म्याच्या दिवशी ती आपली आपण येऊन गाडीत बसली.

पाळकसाहेब आणि मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, तेवढ्यात तिने काठावरून विचारलं, "साहेब, तुमना देव मायनं आयकाले सांगस का?"

"सांगतो ना, अक्का. आईबापाचा मान राख, ही त्याचीच आज्ञा आहे."

"मंग दाबीसन बुडवा. जलमभर त्यानी मनं एक बी आयकं नही."

तळ्यात प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाळकसाहेब हडकुळे आणि मी खात्यापित्या घरचा. त्यांनी मला मागे झुकवलं आणि आम्ही दोघेही गडप झालो. वर आलो तेव्हा कोणी कोणाला बाप्तिस्मा दिला, हे काठावरच्यांना कळेना. साहेबांनी खोकत खोकत मला पुन्हा नीट बुडवून काढलं.

आईने टॉवेलने माझं डोकं खसाखसा पुसलं. "मरना का जुना?"

"मरना."

"मंग नवाले सांगस. माले आग तूच देजो."

"मीच देईन, आई."

"मंग चाल, जेवाले बस," ती म्हणाली. सकाळपासून तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.