बिनपट्टींचा वस्तरा

पाणीपुरवठा खात्यात आबांना सगळे 'बिनपट्टी' म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी नळांचे नकाशे काढले, आणि सरळ रेघ ओढायला पट्टी घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. निवृत्तीनंतर रेघा संपल्या, हात तेवढा उरला. तो त्यांनी वस्तऱ्याच्या कामी लावला.

रविवारी धारेचा दगड निघे. भिजवलेल्या दगडावर पातं आडवं टेकवायचं आणि धार पुढे करून सरकवायचं. पात्याची पाठ दगडावरून उठली की आठवड्याची मेहनत पाण्यात. रोज सकाळी चामड्याचा पट्टा, बाथरूमच्या दाराच्या कडीला अडकवलेला. इथे सगळं उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा सैल पडला तर धार बोथटते, म्हणून तो चालू असताना दार उघडायचं नाही, हा घरचा कायदा. सून नवी आली त्याच आठवड्यात वीस मिनिटं आत अडकली होती. ते ती अजून विसरलेली नाही.

धार तपासायची ती डाव्या हातावरच्या केसांवर. त्यामुळे आबांचा डावा हात तुळतुळीत आणि उजवा अस्वलाचा.

गेल्या वर्षी हा उजवा हात थरथर कापायला लागला. टेकलेला असला की शांत, हवेत उचलला की सुरू. पट्ट्यावर ठीक चाले, गालाशी नेला की पंचाईत. हनुवटीवर दोनदा रक्त आलं.

"आबा, आता मशीन घ्या," सून म्हणाली. "पुन्हा कापलं तर वस्तरा माळ्यावर."

मुलाने मान डोलावली. ती कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

आबांना राग आला नाही, भीती वाटली. आज वस्तरा, उद्या चहाचा कप, परवा घराची किल्ली. एकदा माणसाच्या हातून वस्तू काढून घ्यायला लागले की लोक थांबत नाहीत.

मग त्यांनी तोड काढली. सकाळी सहाला फिरायला म्हणून निघायचं, दोन गल्ल्या पलीकडे न्हाव्याकडून दाढी करून घ्यायची आणि तोंडाला मफलर गुंडाळून परत यायचं. घरी फटाफट पट्टा मारायचा, वस्तरा घेऊन बाथरूममध्ये दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, तोंड धुऊन बाहेर. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"धार घरी आणि दाढी इथे," न्हावी म्हणाला. "असं गिऱ्हाईक नाही पाहिलं."

"वस्तरा वापरत नाही, म्हणून धार टिकते," आबा म्हणाले.

दोन महिने एक ओरखडा नाही. सुनेने मोठ्या मनाने हार मानली. "सराव आहे," आबा म्हणाले.

एके दिवशी बाथरूममध्ये उभे असताना त्यांची नजर फळीवर गेली. दाढीचा ब्रश! दोन महिने त्याला त्यांनी हातही लावला नव्हता. सून रोज इथेच दात घासते. कोरडा ठणठणीत ब्रश आणि जशीच्या तशी साबणाची वडी तिला दिसल्याशिवाय राहील? त्यांनी भीत भीत ब्रश उचलला.

ब्रश ओला होता. वडी निम्मी झिजली होती. वाटीच्या काठाला ताजा फेस होता.

आबा बाहेर आले. त्यांची बायको खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत होती. शेजारी सून पेपर वाचत होती.

"अहो, दाढीचा साबण संपत आलाय," बायको मान वर न करता म्हणाली. "उद्या फिरायला जाल तेव्हा घेऊन या."

"आणतो," आबा म्हणाले.

सून चहा ठेवायला आत गेली. बायकोने दाताने दोरा तोडला.

"आणि तो मफलर द्या धुवायला," ती हळूच म्हणाली. "न्हाव्याच्या पावडरीचा वास येतो त्याला."

आबांनी खांद्यावरचा मफलर काढून पुढे केला. हात कापत होता. तिने मफलर घेतला, आणि हात शांत होईपर्यंत तोही धरून ठेवला.