कडब्याचं गोड पाणी

ही गोष्ट मी आजवर कुणापुढं उघडी केलेली नाही. नवऱ्यापुढं नाही. माझी आई, अव्वा, शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसले होते, तेव्हाही नाही — आणि अव्वाला तर मी सगळं सांगायचे. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही मायाक्काला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तुमच्यासमोरही माझं तोंड उघडलं नसतं.

मी सोलापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पोरं मला टरकून असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. एखाद्या मुलीनं परीक्षानळी नीट न धुता ठेवली तर सगळ्या लॅबसमोर मी तिची हजेरी घेते. चुकलात तर चुकलो म्हणा, झाकाझाकी करू नका — हे माझं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. सवय होते माणसाला कशाचीही.

तर कडबा. ज्वारीचं कणीस काढून घेतलं की जे वाळलेलं ताट उरतं, ते. आमच्या भागात त्याला तोटा नाही. त्या ताटात साखर असते, पण जिभेला लागत नाही. तिच्या लांबच लांब साखळ्या असतात, एकमेकींत गुंतलेल्या. ताटं बारीक तोडून पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये दाबाखाली शिजवली की साखळ्या तुटतात आणि तपकिरी गोड पाणी उतरतं. त्यात ॲसिड राहिलेलं असतं, ते मारायला चुना घालायचा. चुना ॲसिडला धरून पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो, वरचं पाणी मांजरपाटातून गाळून घ्यायचं. सांगायला सोपं. करायला जीव खाणारं — कारण तो गाळ फडक्याची छिद्रं बुजवतो, आणि मग पाणी थेंब थेंब पडतं. बसा बघत.

या कामासाठी मी प्रकल्प घेतला होता. दुष्काळात जनावराला हिरवं मिळत नाही, नुसता कडबा मेंढरू तोंडात धरत नाही. त्यावर हे गोड पाणी शिंपडलं तर? आवडीनं खाईल, अंगाला लागेल. कल्पना वाईट नव्हती. अजूनही वाईट नाही. स्टाफरूममध्ये मला 'साखरबाई' म्हणायचे, आणि मी चिडल्याचं दाखवायचे.

मेंढरं कुठली, ते सांगते. मंगळवेढ्याकडं आमचं रान आहे. दर उन्हाळ्यात सांगोल्याकडचे बिरुआप्पा आपला कळप घेऊन यायचे आणि आमच्या रानात मेंढरं बसवायचे — म्हणजे काही रात्री कळप रानातच मुक्कामाला, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत जमिनीला. मी परकरात होते तेव्हापासून हे चालत आलेलं. आप्पा मला 'धाकल्या बाय' म्हणायचे. मी प्राध्यापक झाले तरी म्हणायचे.

मायाक्का त्यांची मुलगी. नवरा अपघातात गेला, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, ती माहेरी आली. आणि आप्पांनी काय करावं? कळपाची काठी तिच्या हातात दिली. तिच्या भावाला, धुळाला, ते अजिबात पसंत नव्हतं. बाई माणूस एकटी रानोमाळ कळप घेऊन हिंडणार, लोक काय म्हणतील — असलं सगळं. आप्पा म्हणाले, पोरीला मेंढरं कळत्यात, बास. मायाक्का एकेक मेंढी चेहऱ्यावरून ओळखायची. एक कानतुटकी मेंढी होती, तिला ती 'म्हातारे' म्हणायची, तिच्याशी भांडायची, नाही नाही ते सुनवायची. हसायची खूप. विधवा बाईनं इतकं हसू नये असं आमच्या वाटेकऱ्याची बायको मला म्हणाली होती. ती काठी हातात असेपर्यंत मायाक्काला घरात जागा होती, मान होता. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. हे मला त्या वेळीही पक्कं माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात प्रकल्प बघायला वरून माणसं येणार होती. त्यांना दाखवायचं काय, तर गोड पाणी शिंपडलेला कडबा आणि तो खाऊन टुणटुणीत झालेली मेंढरं. मी आप्पांना विचारलं. ते लगेच म्हणाले, धाकल्या बाय म्हणत्यात तर घालू की. विचारही केला नाही त्यांनी. सुरुवातीचं पाणी मी चुन्यानंच नीट करून दिलं, मेंढरं चाटून पुसून खायची. मायाक्का फोनवर सांगायची, "म्याडम, म्हातारी तर बॅरल दिसला की उड्या मारतीया."

पण पाणी पुरेना. तो गाळ, ते फडकं, ते थेंब... माणसं यायचा दिवस जवळ आलेला. आणि मी चुन्याऐवजी सोडा वापरला. कॉस्टिक सोडा. सोड्यानं गाळ होत नाही, गाळायची कटकट नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ राहतं. कागदाची पट्टी बुडवली — ॲसिड नाही, अल्कली नाही, अगदी मधोमध रंग. झालं की काम. चाखूनही बघितलं मी. गोड, जरासं खारट.

तुम्हाला वाटेल, नजरचूक झाली. नाही हो. चुना ॲसिडचा गंधक घेऊन तळाशी बसतो. सोडा तो पाण्यातच ठेवतो, विरघळलेला, दिसत नाही असा. हे बारावीचं पोरगंही सांगेल. मी ते शिकवते. जनावराच्या पोटात एवढा गंधक गेला तर काय होतं, हे मी शोधायला हवं होतं, विचारायला हवं होतं कुणाला तरी. नाही विचारलं. घाई होती, आणि पट्टीचा रंग बरोबर आला होता. आम्हा रसायनवाल्यांना पट्टीचा रंग बरोबर आला की सगळं बरोबर वाटतं. टेम्पोत निळे बॅरल भरून पाठवून दिले.

इथपर्यंतचं मी कदाचित कुणाला सांगितलंही असतं. चूक आहे, मोठी आहे, पण चूक आहे. पुढचं सांगायला मन घेत नाही. थांबावंसं वाटतंय. चहा करून येऊ का? — असली टाळाटाळ मला चांगली जमते, बघा.

आप्पांचा फोन आला. मेंढरं वेड्यासारखी करत्यात. मी गेले. कळपातली काही मेंढरं मान वर करून नुसती आभाळाकडं बघत उभी होती. काही कळपाभोवतीच्या जाळीला कपाळ टेकवून ढकलत होती, ढकलतच होती. समोर माणूस आलं तरी डोळा हलत नव्हता. आंधळी झाली होती. म्हातारी एका जागी गोल गोल फिरत होती आणि मायाक्का तिच्यामागं गोल गोल फिरत होती, तिच्या तोंडाला हात लावत, तिला हाका मारत.

मी म्हातारीच्या तोंडाशी वाकले. तिनं ढेकर दिला. आणि मला वास आला — कुजक्या अंड्याचा. तुम्ही आमच्या लॅबच्या जिन्यात कधी आला असाल तर तुम्हालाही माहीत असेल. गंधकाचा वायू. त्या वासात माझी उभी हयात गेली आहे. गंधक माझ्या बॅरलमधून त्या मेंढीच्या पोटात गेला होता आणि वायू होऊन पोटातून डोक्यात. वाकलेली असतानाच मला सगळं कळलं. पुढं डॉक्टरांच्या पुस्तकात वाचलं, ते फक्त खात्री करायला.

आप्पा माझ्याकडं बघत होते. धुळा बघत होता. आप्पांनी विचारलं, काय झालं असंल, बाय? तुमी शिकल्या-सवरल्या.

आता ऐका. मी खोटं बोलले नाही. मी एक प्रश्न विचारला. आमच्या रानाला लागून शेजाऱ्यानं विहिरीवर कडवळ केलं होतं, जनावरांच्या हिरव्या चाऱ्याची ज्वारी. ती कापून नेलेली होती आणि बुडख्यांना नवे फुटवे आले होते. असले कोवळे फुटवे जनावराला बाधतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मी तिकडं बघितलं आणि विचारलं, "मेंढरं त्या कडवळात गेली होती का?"

एवढंच.

सगळ्यांनी मायाक्काकडं बघितलं. तिनं नाही म्हणायचं की. कुणी बघितलं नव्हतं. पण ती म्हणाली, "व्हय. दोन-चार घुसली व्हती परवा. म्या लगीच हाकलली." तिचा चेहरा माझ्यासमोर पडला. फुटव्यांनी बाधलेलं जनावर तिथल्या तिथं तडफडून मरतं, दोन दिवसांनी आंधळं होऊन आभाळाकडं बघत नाही, हे मला माहीत होतं. बोलायला जागा होती, वेळ होता. धुळानं तिच्या हातातून काठी घेतली — ओढली नाही, नुसती घेतली, आणि तिनं सोडली — तेव्हाही वेळ होता. मी खाली बघत होते.

त्याच संध्याकाळी मी उरलेले बॅरल ओतून टाकले. उन्हानं आंबलंय म्हणून सांगितलं. कळप कडवळापासून लांब ठेवा म्हटलं. म्हातारी मेली, तिच्यासोबत आणखी काही मेली. बाकीची हळूहळू सावरली. पाणी बंद झालं म्हणून सावरली, पण लोकांनी काय म्हणावं? म्याडमनी बरोबर ओळखलं. आप्पांनी माझ्यापुढं हात जोडले. मी ते जोडू दिले.

माणसं आली, पुढं ढकलून थोडी उशिरा. मी चुन्यानं केलेलं पाणी दाखवलं. प्रकल्प मंजूर झाला. मला बढती मिळाली. दरवर्षी वर्गात हा भाग येतो आणि मी फळ्यावर लिहिते — चुना. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सोडा का नाही? गाळायचा त्रास वाचेल ना." मी तिच्यावर अशी उखडले की तिचे डोळे भरले. तिचं काय चुकलं होतं? फार चांगला प्रश्न होता तो.

मायाक्काला पुन्हा काठी मिळाली नाही. भावजयीच्या हाताखाली काही दिवस काढले, मग ती सोलापुरात आली. टॉवेलच्या कारखान्यात काठाला शिलाई मारते. दिवसभर मशीन, डोक्यात कापसाची कुसं. खोली भाड्यानं. आप्पा गेले तेव्हा तिला उशिरा कळवलं. ती आता हसते, पण विचारून हसल्यासारखं.

माझ्याकडं येते ती. येताना काहीतरी आणते — शेंगाचटणी नाहीतर कडक भाकरी. मी बस म्हटल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही. मी तिला साड्या दिल्यात, ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलंय. माझ्या घरचे म्हणतात, किती करते ही त्या बाईसाठी. मीही ऐकून घेते. लाज वाटते का? वाटते. आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा साडी काढून ठेवते.

गेल्या महिन्यात आली होती. अव्वाचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, घरात कुणी नव्हतं. चहा झाला. बशी हातात धरून ती म्हणाली, "म्याडम, एक इचारू? ती मेंढरं माझ्यामुळंच आंधळी झाली न्हवं? आप्पानं मरताना माझं तोंड बघितलं न्हाय. म्या रोज आठवती. कडवळात किती येळ व्हती, जास्त येळ व्हती का... मला आता नीट आठवना झालंय. तुमी शिकल्याली माणसं. तुमी सांगा."

ती माझ्याकडं बघत होती. कळप नव्हता, धुळा नव्हता, वरची माणसं नव्हती. माझी नोकरी संपत आलीय. कशालाच धक्का लागणार नव्हता. यापेक्षा सोपं कुणी मला काय करून द्यायला हवं होतं?

लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की अव्वा कानडीत म्हणायची, होगली बिडू. जाऊ दे, सोड. तिनं तसं म्हटलं की मला रडू यायचं, आणि रडून झालं की हलकं वाटायचं.

मी मायाक्काच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे गं. होतं असं माणसाकडून. सोड आता."

मी तिला माफ केलं.

ती खूप रडली. मग पदरानं तोंड पुसलं, दोन्ही कपबशा विसळून ठेवल्या, आणि जाताना दारात वाकून माझ्या पाया पडली.