मधाच्या पेट्यांतला दोरा

देगलूर रस्त्यावरच्या एका गावाबद्दलचा खोटेपणा मी सहा वर्षे लपवला. तिथली जवानांची छावणी हलली, तेव्हा छावणीवर जगणाऱ्यांना शांततेच्या उद्योगांकडे वळवण्याचे सरकारी काम माझ्याकडे होते. शांतता स्वस्तात आणायची असल्याने जवानांच्या वर्द्या शिवणाऱ्या शिंप्याला मी मधमाश्यांच्या दोन पेट्या पाठवल्या आणि स्वतः न जाता नांदेडला बसून अहवालात लिहिले, ‘लाभार्थी मधुपालनात स्थिरावला.’ अहवालाचे फार कौतुक झाले.

यंदा पँट आखूड करण्याचे निमित्त काढून मी त्याच्या दुकानात शिरलो. माप घेताना तो गिऱ्हाइकाला अजूनही जुन्या सवयीने “सावधान” म्हणत असे. मीही टाचा जुळवल्या.

कोपऱ्यातल्या पेट्यांत दोऱ्याची रिळे होती.

“माश्या कुठं गेल्या?” मी विचारले.

“उडून गेल्या. त्यांला वर्दी लागत न्हाई, साहेब,” खडूने रेघ ओढत तो म्हणाला. “शाळेचे कपडे शिवावं म्हणलं, सरकारी हापिसात मोटरची मशीन मागितली. तर म्हणतात, तुमचं मधावर लई बरं चाललंय. कोण्या साहेबानं लिहून ठेवलंय. भला माणूस असंल. न बघताच माझं बरं करून टाकलं त्यानं.”

त्याने अजून “विश्राम” म्हटले नव्हते. तसाच ताठ उभा राहून मी म्हणालो, “तो साहेब मीच. तुमची मशीन माझ्या खोट्यानं अडली. उद्या कार्यालयात तसं लिहून देतो. मला माफ करा.”