दाजींचे हललेले फोटो

इतका उत्तम कॅमेरा आणि त्यातून निघालेले इतके बिघडलेले फोटो आमच्या दाजींशिवाय सबंध परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे असतील, यावर माझा विश्वास नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात जिंतूरला. अख्खी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. कुणाचा बांध वीतभर सरकलेला दिसला तरी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर, लेकाने घेऊन दिलेला कॅमेरा मुद्दाम हलवत हिंडेल असं कुणाला वाटलं असतं? उजेड कमी करायला भिंगापुढे काळी काच लावायची, शटर सेकंदभर उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात कॅमेरा वर, खाली नाहीतर आडवा ओढायचा, ही त्यांची रीत. मग बाभळींच्या उभ्या रेघा होतात, पिकल्या सोयाबीनचं पिवळं फडकं होतं आणि रस्त्याने जाणारी एसटी म्हणजे नुसता लाल ओरखडा. हे असे शे-दीडशे ओरखडे बघितल्याशिवाय आक्काच्या घरात पाहुण्याला चहा मिळत नाही.

एकदा मी त्यांना मोटारसायकलवरून ताडकळसच्या बाजाराला नेलं, ही माझीच चूक. मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीसमोर त्यांनी कॅमेरा असा काही झुलवला की तिला वाटलं, यांना भोवळ आली. तिने आधी पाणी दिलं, मग फोटो मागितला. लाल पट्ट्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "बाबा, माझं तोंड कुठं गेलं?" दाजी शांतपणे म्हणाले, "मावशे, त्यातच हाय, जरा पसरलंय." तिची समजूत काढता काढता मला दोन किलो मिरच्या घ्याव्या लागल्या.

पण कहर झाला माझ्या मुलीच्या लग्नात. ठरवलेला फोटोवाला गाडी बंद पडून वाटेत अडकला आणि विहारात वंदना सुरू झाली. नाइलाजाने मी दाजींना हात जोडले, आजच्या दिवस कॅमेरा सरळ धरा म्हणून विनवलं. त्यांनी मान डोलावली. नंतर बघतो तर हार घालतानाच्या फोटोत नवरी नाही, नवरा नाही. पांढऱ्या साडीचा एक झोत आणि त्यात झेंडूचा पिवळा फराटा. माझी बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. दाजींचं म्हणणं एवढंच, "तोंडं काय, रोज दिसतेत. ती लगबग पुन्हा दिसंल का?"

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात आपोआप थरथरू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. आता तुमचे कष्ट वाचले, असं मी गमतीत बोलून गेलो. ते हसले नाहीत. कॅमेरा कपाटात ठेवत म्हणाले, "पाव्हणे, आधी मी हलवत होतो. आता हात आपला आपण हलायलाय. त्याला माझा फोटो कसं म्हणू?"

ते बोलणं मला फार लागलं. मागच्या महिन्यात जिंतूरला गेलो तेव्हा आक्का म्हणाली, घराबाहेरच पडत नाहीत. मी कॅमेरा काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि त्यांना बळेच गावाबाहेर नेलं. कापूस फुटला होता. त्यांनी सांगितलं तसं मी सगळं केलं, पण ऐन वेळी माझा हात ताठला. बोंडन् बोंड मोजता येईल असा फोटो आला. दाजींनी तो बघितला आणि कुणाच्या घरी वाईट घडल्यासारखं हळूच म्हणाले, "साफ आलाय."

मग त्यांनी आपला थरथरता हात माझ्या मनगटावर ठेवला. "आता मी मनगट दाबलं की ओढा," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून कॅमेरा ओढला.

काय आलं ते मला आजही सांगता येणार नाही. काहीतरी पांढरं, वाऱ्यावर निघाल्यासारखं. कॅमेऱ्याचा पडदा आपोआप काळा होईपर्यंत दाजी ते बघत राहिले. मी बटण दाबून तो पुन्हा उजळवला.