बेलसाठी घेतलेल्या दोन तारा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात इंटरनेटचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जायचो आणि कुंड्यांमधली वाळलेली पानं काढत बसायचो. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की सुनेची घरून करायची नोकरी तिच्या जुन्या लॅपटॉपमुळे गेली. तिलाही तसंच वाटतं. ते खरं नाही.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. पनवेल-उरण पट्ट्यात तारा ओढण्यात उमेदीची वर्षं गेली. जासईला बंदराचे कंटेनर दिसायच्या आधीचे टेलिफोनचे खांब मला ठाऊक. त्यामुळे नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेट आलं तेव्हा त्याचा कारभार माझ्याकडे आला, म्हणजे मीच तो घेतला. धूळ बसू नये म्हणून राउटर शोकेसच्या आत, काचेमागे, निरोप समारंभात मिळालेल्या स्टीलच्या समईशेजारी ठेवला. बायकोने त्याला क्रोशाचं झाकण विणलं.

नातू शाळेत जायला लागला आणि सुनेने पुन्हा काम धरलं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरी बसून ऐकायच्या. सुरुवातीचे महिने परीक्षेचे, ते नीट गेले तर नोकरी कायम. तिला ती किती हवी होती ते दिसत होतं. सगळ्यांचे डबे करून, केस नीट बांधून, कोणी बघणार नसलं तरी चांगला ड्रेस घालून ती आतल्या खोलीत दार लावून बसायची. आणि थोड्या वेळाने आतून ऐकू यायचं, "हॅलो, सर? आवाज येतोय का? हॅलो?"

मग माझी धावपळ. राउटर बंद कर, चालू कर. वरच्या मजल्यावरची कॉलेजची पोरं आपलं वायफाय चोरतात अशी माझी खात्री, म्हणून पासवर्ड बदल. तो मीच विसरायचो. कस्टमर केअरला फोन लावला की आधी गाणं, मग हिंदी, मग पुन्हा गाणं, आणि शेवटी एक मुलगी विचारायची, "सर, कोणता दिवा लाल आहे?"

"एकही लाल नाही. सगळे हिरवे आहेत, तरी चालत नाही."

"हिरवे आहेत म्हणजे चालतंय, सर."

"मग मी तुम्हाला काय गप्पा मारायला फोन केलाय?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, तिच्यावर कशाला ओरडता? ती बिचारी कुठल्या गावाला बसलीय कोणास ठाऊक."

शेवटी केबलवाल्याचा माणूस आला. "काका, ह्याला काचेत कोंडलाय कशाला? देव हाय का?" असं म्हणून त्याने झाकण काढलं, राउटर बाहेर ठेवला, बंद करून चालू केला आणि चांगला शेरा द्या म्हणत निघून गेला. हॉलमध्ये वेग वाढला. आतल्या खोलीपर्यंत मात्र मध्ये दोन भिंती आणि लोखंडी कपाट, तिथे रडगाणं तेच. तेव्हा मी जाहीर केलं, "हवेतून काही खरं नाही. तार ती तार." माळ्यावरून जुनी केबल काढली, हॉलपासून चौकटीवरून, आमच्या खोलीतून, तिच्या टेबलापर्यंत खिळे मारत नेली. सून लॅपटॉप लावून म्हणाली, "बाबा, एकदम स्पष्ट!" त्या दिवशी मला चहा दोनदा मिळाला.

हे असंच राहिलं असतं. पण बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती खाटेला खिळली. तिने हाक मारली तर हॉलमध्ये पेपर वाचताना मला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या उशाशी एक बटण आणि माझ्या खुर्चीजवळ बेल लावायची ठरली. आता वेगळी तार कशाला ओढायची? इंटरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, आणि त्यातल्या चारांवरही काम भागतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. उरलेल्या चार नुसत्या पडून! खात्यात मोकळी जोडी दिसली की ती दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकायची, ही आमची सवय. मी केबल सोलली, दोन तारा बाहेर काढल्या, बटण जोडलं, सेल लावला. बेल वाजली. बायको खूश.

आतल्या खोलीतलं "हॅलो, हॅलो" मात्र पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा वाईट. मी पुन्हा कस्टमर केअर, पुन्हा पासवर्ड, पुन्हा वरची पोरं. मुलगा म्हणाला, "बाबा, केबलचंच काही नसेल ना?" मी त्याला गप्प केलं. "तू मला केबल शिकव आता."

एके दुपारी बायकोला पाणी हवं होतं. बेल वाजली, आणि त्याच क्षणी आतून सून ओरडली, "गेलं!" मी पाणी दिलं. परत येऊन बसलो. पुन्हा बेल, उशी सरकवायची होती. पुन्हा आतून, "अरे देवा, परत गेलं!"

मला सगळं समजलं.

संध्याकाळी सून नातवाला आणायला गेली, तेवढ्यात ती केबल काढली, बाजारातून नवी आणून ओढली. बायकोला सांगितलं, "बेल बिघडली. हाक मार, मी इथेच बसतो." दुसऱ्या दिवशी सून बाहेर आली ती हसतच. "बाबा, आज एकदाही तुटलं नाही. काय केलंत?"

"काही नाही. केबल बदलली."

ती माझ्यासमोर बसली. "साहेब चिडलेत. म्हणतात, रोज नवं निमित्त सांगता. नक्की काय बिघडलं होतं आणि ते दुरुस्त झालं का, एवढं कळवा, मग आणखी थोडे दिवस बघू. तुम्हाला काय वाटतं, केबलच खराब होती का?"

इतकं सरळ विचारलं होतं तिने. दारात मुलगा उभा होता, ज्याला मी गप्प केलं होतं. मी म्हणालो, "केबलला काय होतंय? ती दिसायला जुनी म्हणून बदलली, आज चाललं ते योगायोगाने. तुझा लॅपटॉप जुना झालाय गं. त्याचंच असणार."

तिने तेच कळवलं. लॅपटॉप चांगला ठेवणं ही काम करणाऱ्याची जबाबदारी, असं उत्तर आलं, आणि नोकरी संपली. ती रडली नाही. "घरून काम करणं मला जमत नाही," एवढंच म्हणाली, आणि तसं काम तिने पुन्हा शोधलं नाही. आता ती उलव्याला एका बिल्डरच्या ऑफिसात जाते. परत येते तेव्हा ओढणीवर बांधकामाची धूळ असते आणि नातू झोपेला आलेला असतो.

माझ्या आयुष्यात घरातल्या लहान माणसाची मी कधी माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती, चुकलं तर बाजारातून काहीतरी खायला आणायचं. मीही पेढे आणले, आंबे आणले. तिने ते आनंदाने सगळ्यांना वाटले.

गेल्या आठवड्यात ती दारात चप्पल घालत होती. मी म्हणालो, "अगं, ऐक जरा."

"काय बाबा? काही आणायचंय?"

"नाही. सावकाश जा."

मला म्हणायचं होतं, पोरी, तुझा लॅपटॉप चांगला होता. तुझं कामही चांगलं होतं. बेलसाठी तुझी केबल मी तोडली, आणि तू विचारलंस तेव्हा तुझ्या तोंडावर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर.