अकरा पानांची सूचना

माझ्या थोरल्या बहिणीला लोक घुमी म्हणतात. मी ताई म्हणते. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण आयुष्यभर तिची वकिली मीच करत आले, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

ताई एका मोठ्या इस्पितळात एकोणीस वर्षं कामाला होती. शस्त्रक्रियेची अवजारं धुऊन तिच्या टेबलावर यायची. प्रत्येक कात्रीने ती गॉजच्या जाळीदार कापडाचा तुकडा टोकापर्यंत कापून बघायची. तुकडा सरळ न कापता ओढला गेला, की कात्री बाद. चिमटा मिटून दिव्यासमोर धरायची. टोकांमधून उजेड दिसला, की तोही बाद. मग यादीप्रमाणे ट्रे भरायचा, कापडात गुंडाळायचा आणि वाफेच्या यंत्राकडे पाठवायचा. जुन्या मुख्य नर्सबाई नव्या मुलींना सांगायच्या, "हिला वाढदिवसाला बोलावलं नाहीत तरी चालेल, पण हिच्या टेबलाला हात लावू नका."

आमचं बालपण गेलं ते गाव काही संतांचं नव्हतं. घुमी हे नाव गावानेच ठेवलं. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तर थांबत नाही, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिच्या लग्नाचं तर बोलायलाच नको. बघायला आलेल्या एका मुलाला ती म्हणाली होती, "तुमच्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या मापाचं आहे." पण त्याच गावातल्या शिंप्याने ते ऐकून तिला दुकानात बसवलं, बटणं निवडायला. गावाने तिला नावं ठेवली, पण बसायला जागाही ठेवली. शहरात चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरने तिच्या स्वभावाला ऑटिझम हे रीतसर नाव दिलं. इस्पितळाच्या भिंतीवरही गोड अक्षरांत पाटी लागली, 'आम्ही सगळ्यांना सामावून घेतो.' ती पाटी लावणाऱ्यांचं काय सांगू! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

नवे व्यवस्थापक आले आणि कामाच्या मूल्यमापनाचा छापील फॉर्म आला. हसतमुखपणाला गुण, नजरेला नजर देण्याला गुण, सहलीला येण्याला गुण. कात्री कापते का, याला रकानाच नव्हता. शेवटी एक ओळ होती: 'आपल्या विभागात काय सुधारता येईल? मोकळेपणाने लिहा.'

शहाण्या माणसाने तिथे काय लिहायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. 'सर्व उत्तम आहे.' ताईला माहीत नव्हतं. तिला वाटलं, विचारलंय म्हणजे हवंय. तिने जादा कागद जोडून अकरा पानं लिहिली. कोणत्या तारखेला, कोणत्या ट्रेची कात्री गॉज न कापताच यादीत खूण करून पुढे गेली. खूण कुणाची. त्यावर सही कुणाची. चौदा ठिकाणी सही व्यवस्थापकांची होती.

झालं. चार दिवसांत बोलावणं आलं. सोबत घरचं कुणी आणलं तरी चालेल म्हणाले, म्हणून मी गेले. जाण्याआधी तिला तासभर पढवलं. "त्यांच्या डोळ्यांत बघ. जमत नसेल तर दोन भुवयांच्या मधे बघ."

"किती वेळ?"

"तीन आकडे मोज, मग खाली बघ."

तिने तसंच केलं. मोजताना तिचे ओठ हलत होते. व्यवस्थापक ते बघून हसले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही वाईट आहात असं कुणीच म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तुमच्या सहकारी दुखावल्यात. विभाग म्हणजे कुटुंब असतं."

"त्या कात्र्या बदलल्या का?" ताईने विचारलं.

"बघा, हाच तर सूर चुकतो." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ताईच्या नोंदी गैरसमजातून झाल्या, त्याबद्दल ती दिलगीर आहे, असं त्यात छापलं होतं. सही केली की विषय संपला, टेबल तिचंच.

ताईने कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळली. माझ्याकडे बघताना तिला आकडे मोजावे लागत नाहीत. "यात लिहिलंय ते खरं आहे का गं?"

मला समोर फक्त तिचं टेबल दिसत होतं. ते गेलं तर ही रोज सकाळी उठून कुठे जाईल? मी म्हणाले, "हो ताई, खरं आहे. कर सही."

तिने केली. जगात एका माणसाच्या शब्दावर ती न तपासता विश्वास ठेवायची, आणि ते माणूस मी होते.

दहाव्या दिवशी पत्र आलं. सदर कर्मचारी चुकीच्या नोंदी करतात हे त्यांनी स्वतःच मान्य केलं असल्याने इतक्या जबाबदारीच्या कामावर त्यांना ठेवता येत नाही. खाली सहानुभूतीची दोन वाक्यं होती. आग लागो त्या सहानुभूतीला! आणि ज्या जिभेने मी 'हो' म्हणाले तिलाही.

ताई रडली नाही, भांडली नाही. त्या अकरा पानांची तिच्याकडे प्रत होती, ती घेऊन बसली. मला वाटलं मन रमवतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उठेना, तेव्हा मी विचारलं, "काय शोधतेस एवढं?"

"चूक," ती म्हणाली. "तू म्हणालीस ते खरं असेल, तर यात कुठेतरी माझी चूक असणार. मला सापडत नाहीये. कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच पानावर नाही. सगळं बरोबर आहे. मी खोटं बोलले, ताई."

"का?"

"तुझी नोकरी टिकावी म्हणून."

"टिकली नाही," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला टोमणे येत नाहीत, ते आम्हा चारचौघांत मिसळणाऱ्यांचं काम. तिने पानं गोळा करून क्रमाने लावली.

"म्हणजे त्या कात्र्या अजून वापरात असतील," ती म्हणाली, आणि पानं काखेत घेऊन चपला शोधायला उठली.